दिवाणियाचं सागवान आणि न वाळणारं तेल

अबू फहद भिंतीच्या पॅनेलिंगला टेकून माझ्याशी बोलला आणि जायला वळला. त्याच्या पांढऱ्याशुभ्र दिशदाशाच्या पाठीवर पंजाएवढा पिवळा डाग होता. दिशदाशा म्हणजे इथल्या पुरुषांचा कडक इस्त्रीचा पायघोळ झगा. मी भिंतीला दिलेलं तेल अजून वाळलंच नव्हतं.

नव्वदीच्या अखेरीची गोष्ट. कुवेतमध्ये एका इंटिरिअर कंपनीत मी साइट इंजिनिअर होतो. अबू फहदच्या दिवाणियाचं, म्हणजे पुरुष मंडळींच्या बैठकीच्या खोलीचं, सागवानी काम माझ्याकडे होतं. त्याची अट एकच, लॅकर, म्हणजे उग्र वासाचं केमिकल पॉलिश, नको. घरातल्या दरवाजांना लॅकर स्प्रे केला तेव्हा त्याच्या म्हाताऱ्या वडिलांना दम्याचा असा झटका आला, की थेट आयसीयू. तेव्हापासून ते फहाहीलला मुलीकडे राहत होते. रमझान तोंडावर आला होता आणि रमझानच्या रात्री दिवाणिया माणसांनी भरून जातो.

"बाबांना या रमझानला त्यांच्या जागेवर बसलेलं बघायचंय," अबू फहद म्हणाला होता. "मुहंदिस, त्यांचा श्वास तुझ्या हातात आहे." मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. असं कुणी बोललं की झोप उडते हो.

म्हणून मी जवसाचं कच्चं तेल निवडलं. आपण चटणी करतो तेच जवस. 'बॉइल्ड' तेल लवकर वाळतं, पण त्यात केमिकल ड्रायर असतात. डॅनिश ऑइलमध्ये थिनर. दोन्ही बाद. अबू फहदने स्वतः ऑलिव्ह ऑइल सुचवलं होतं, बरकतीचं म्हणून. ते जन्मात वाळत नाही, वर खवट होतं, हे समजावताना माझ्या नाकी नऊ आले होते. आणि आता माझंही वाळेना! भिंतीला हात लावावा तर बोटं चिकटायची.

शर्क भागातल्या ऑफिसात आमचा लेबनीज बॉस जॉर्ज म्हणाला, "हबीबी, मॅट लॅकर मार. दिसायला सेम. कुणाला कळणारे?"

"म्हाताऱ्याच्या फुफ्फुसांना कळेल."

"मग रमझानच्या आधी हँडओव्हर दे. नाही जमलं तर मी स्वतः स्प्रे करून घेईन."

अस्सा संताप आला! पण चिडून तेल थोडंच वाळणार?

दुबईहून टंग ऑइल मागवलं. हे एका चिनी झाडाच्या बियांचं तेल. वास कमी, पिवळं पडत नाही, वाळलं की जवसापेक्षा टणक. सागाच्या फळ्यांवर सॅम्पल केले आणि दिवाणियात ठेवले. एक फळी वास कसा येतो ते बघायला घरी नेली.

"हे स्वयंपाकघरात नको हं," बायको म्हणाली. "आधीच साइटचा वास अंगाला घेऊन येता." फळी बाल्कनीत गेली.

दिवाणियातले सॅम्पल चिकटच राहिले. वैतागून घरी आलो, बाल्कनीतल्या फळीवर हात फिरवला आणि बघतच राहिलो. खडखडीत कोरडी! तेल तेच, लाकूड तेच. मग फरक कशाचा?

तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होतं. आणि आम्ही काय केलं होतं? कुवेतच्या साइटवर पहिलं काम म्हणजे धुळीच्या वादळाच्या धास्तीने प्रत्येक खिडकी पॉलिथिन आणि टेपने सील करायची. वर थंडगार एसी. ही सवय इतकी अंगात मुरलेली, की त्यात कुणाला काही वावगं दिसलंच नाही. तेलाला आम्ही ताजी हवाच देत नव्हतो.

मी पॉलिथिन फाडायला लागलो, तसा आमचा केरळी फोरमन कुरियन ओरडला, "साब, धूल आएगा!"

"आएगा तो देखेंगे!"

एसीच्या जाळीत घालतात त्या फिल्टरच्या जाड कापसाचे पडदे खिडक्यांवर ठोकले, हवा बाहेर फेकणारे पंखे लावले. जवसाचा थर घासून काढला. टंग ऑइलचा पातळ हात द्यायचा, मुरू द्यायचं आणि वर राहिलेलं पुसून घ्यायचं. तेलाची फडकी बाहेर एकेक पसरून वाळवायची, कारण ढीग केला तर ती आपोआप तापून पेट घेतात. मधेच धुळीचं वादळ आलंच. पडदे मातकट झाले, भिंती स्वच्छ राहिल्या. कुरियनने छातीवर क्रॉस काढला, मी गणपतीचं नाव घेतलं.

जॉर्जने भिंतीवर तळहात घासला, हुंगला. "खलास," म्हणजे झालं काम, एवढंच म्हणाला. लॅकरचं नाव पुन्हा काढलं नाही.

रमझानच्या पहिल्या रात्री अबू फहदने मलाही बोलावलं. वडील काठी टेकत आले, कोपऱ्यातल्या त्यांच्या जागेवर बसले. सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर. त्यांनी एक लांब श्वास घेतला. मी माझा रोखून धरला होता. खोकला आला नाही. त्यांनी कॉफीचा घोट घेतला, आणखी एक घेतला, मग भुवया चढवून सगळ्यांकडे पाहिलं.

"असे काय बघताय सगळे? मी काय नवरदेव आहे?"

सगळी खोली खदखदून हसली. अबू फहद हसता हसता डोळे पुसत होता आणि खरं सांगतो, मीही. इतकं हलकं मला कुठल्याच हँडओव्हरनंतर वाटलं नाही.

तेव्हापासून कुणी विचारलं, लाकडाला कोणतं तेल चांगलं, तर मी आधी विचारतो, खिडक्या उघडता का?