गगनबावड्याच्या रस्त्यावर ऐकलेली हाक

मी तीस वर्षं हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं. भानामतीच्या गोष्टी सांगणाऱ्या मुलींना वर्गात उभं करून "पुरावा काय?" म्हणून विचारणारी बाई होते मी. त्यामुळं हे लिहिताना ओशाळल्यासारखं होतंय… पण ज्यांच्यापासून लपवलं, ते आता राहिले नाहीत.

१९७८ चा डिसेंबर. आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहायचो. आमच्या ह्यांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप होतं. त्यांनी एक जुनी डिलिव्हरी व्हॅन घेतली आणि तिचं फिरतं घर करायचं डोक्यात घेतलं. लोखंडाचं काम ह्यांचं, लाकडाचं इस्माईलचाचांचं. चाचा कोल्हापूरला लागून असलेल्या कसबा बावड्याचे सुतार, वयानं ह्यांच्याहून बरेच मोठे, पण दोस्ती घट्ट. आठ महिने दर रविवारी दोघं त्या गाडीत शिरलेले असायचे. पलंग झाला, भांड्यांचं कपाट झालं, हात धुवायला इवलीशी मोरीसुद्धा झाली.

ट्रायलला गगनबावड्याला जाऊन दिवस मावळायच्या आत परत यायचं ठरलं. चाचाही येणार होते, पण त्यांच्याकडं ऐनवेळी पावणं आलं, म्हणून राहिले.

सकाळी नऊला निघालो. मी पुढं ह्यांच्या शेजारी. मागं पलंगावर आत्याबाई — म्हणजे माझ्या सासूबाई — आणि आमची सहा वर्षांची सुनंदा. थंडी म्हणून मागच्या खिडक्या घट्ट लावलेल्या. मधे प्लायवूडचं पार्टिशन, त्यामुळं मागचं काही दिसत नव्हतं. रस्त्याला उसाच्या गाड्या होत्या, हे शीळ घालत आरामात चालवत होते.

वाटेतलं कळे गाव मागं पडलं आणि माझ्या कानाशी कुणीतरी बोललं —

"वैनी, पोरीला उठवा."

चाचांचा आवाज. मोठ्यानं नाही… रंधा मारता मारता बोलायचे तसा, धाप लागलेला. मी वळून बघितलं. पार्टिशन. ह्यांची शीळ चालूच होती, म्हणजे ह्यांना ऐकू आलं नव्हतं. मी मनाशी म्हटलं, इंजिनाच्या घरघरीत माणसाला काहीही ऐकू येतं. विज्ञानाची बाई ना मी! गप्प बसले. वीस मिनिटं गप्प बसले.

साळवणच्या अलीकडं पार्टिशनवर तीन ठोके पडले. हे मात्र ह्यांनीही ऐकले. आई बोलावतीय वाटतं, म्हणत त्यांनी गाडी कडेला घेतली. त्याच वेळी माझ्या कानात पुन्हा तेच शब्द… आता अगदी जवळून.

मी धावत जाऊन मागचं दार उघडलं. धुराचा उग्र वास अंगावर आला. दोघी झोपल्यासारख्या पडलेल्या. सुनंदाच्या गालावर चापट्या मारल्या, तर मान नुसती लुळी कलली. ह्यांनी तिला उचललं. एका गाडीवानानं बैल थांबवून आत्याबाईंना बाहेर काढायला हात दिला. दोघींना उघड्यावर निजवलं. आत्याबाई लवकरच कण्हायला लागल्या. सुनंदा हलेना. मी तिची नाडी धरून बसले होते आणि मला ठोके मोजता येईनात… बऱ्याच वेळानं तिला उलटी झाली आणि ती रडायला लागली.

साळवणच्या डॉक्टरांनी सांगितलं, बंद गाडीत इंजिनाचा धूर कोंडला; आणखी थोडा उशीर झाला असता तर दोघी हाताला लागल्या नसत्या. आत्याबाईंना कळ्यानंतरचं काहीच आठवत नव्हतं. बेशुद्ध असताना ठोके त्या मारणार कशा?

ह्यांनी गाडीखाली शिरून बघितलं. सायलेन्सरचा जोड सुटलेला आणि त्याच्या बरोबर वर, पलंगाखाली, फळीला भोक. मोरीच्या पाइपसाठी आधी पाडलेलं, पण पाइप नंतर दुसरीकडून काढला होता. ते बुजवायचं काम चाचांकडं होतं.

दोघींना घेऊन मी एसटीनं परत आले. हे गाडी घेऊन मागून येणार होते. घरी पोचले तर चाचा आमच्या पायरीवर बसलेले. सुनंदाला माझ्या खांद्यावर बघितलं आणि त्यांनी तोंड झाकून घेतलं. शेजारच्या तारामावशींनी सांगितलं, साडेनवाला सायकल हाणत आले, कुलूप बघून मटकन खाली बसले. मग अर्धा-पाऊण तास मावशींनी त्यांना हाका मारल्या, हलवलं, तरी उत्तर नाही, डोळे उघडेच. मग एकदम तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "थांबली गाडी."

आत्याबाईंना आत निजवायला मावशी गेल्या. चाचा खाली बघतच मला म्हणाले, "भोक बुजवायचं इसरलो, वैनी. सकाळी ध्यानात आलं. लै हाका मारल्या… तुमास्नी दोन ऐकू गेल्या न्हवं?"

मी मान डोलावली.

"मग पैल्या हाकंला का थांबला न्हाईसा?"

पहिल्या हाकेचं मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. ह्यांनासुद्धा नाही.

तेवढ्यात हे आले आणि भोकावरून चाचांना भर रस्त्यात नको नको ते बोलले. पोरीच्या जिवावर उठलास, इथपर्यंत. चाचांनी माझ्याकडं एकदा बघितलं, सायकल घेतली आणि गेले. मी दारात उभी होते… मी हाकांचं बोलले असते, तर वीस मिनिटांचंही सांगावं लागलं असतं.

दोस्ती तिथंच तुटली. पुढं चाचा गेले, तेव्हा हे मातीलाही गेले नाहीत. ठोके म्हणजे सुटलेला पत्रा आपटत होता, असं हे शेवटपर्यंत म्हणायचे. असेलही. पण तो आवाज?… मंगळवार पेठेतल्या पायरीवर बसलेल्या माणसाचा आवाज साळवणच्या रस्त्यावर कसा आला, ते मला आजही उलगडलेलं नाही.

पहिल्या हाकेला का थांबले नाही, ह्या चाचांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला त्याच दिवशी ठाऊक होतं. ते मी त्यांना दिलं नाही.