तलावाचं पाणी नको, ऑसिलेटरच हवा

झाडीपट्टीतून, म्हणजे पूर्व विदर्भातल्या तलावांच्या भागातून, कोणी पीएच.डी.ला आलं की नागपुरात त्याला एकच विषय सुचवतात: तलावाचं पाणी. नमुने आणा, क्षार मोजा, डॉक्टर व्हा. मी अर्जुनी मोरगावची, तिथल्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी. मलाही तोच सल्ला मिळाला. मी मात्र डिफॉर्म्ड ऑसिलेटर घेऊन गेले होते.

घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "तलावाचं पानी आमी रोजच पाहून रायलो. तू कायले पाहतेस? आपल्या मनाचं शीक." मग मी कोणाचं ऐकणार!

साध्या ऑसिलेटरच्या, म्हणजे लयीत हलणाऱ्या कणाच्या, ऊर्जेच्या पायऱ्या सारख्या अंतरावर असतात. गणितात 'क्यू' नावाची, एकाहून लहान अशी संख्या घातली की जिना बिघडतो, वरच्या पायऱ्या एकमेकींच्या जवळ येत जातात. खरे रेणूही थोडेफार असेच वागतात, म्हणून मला हा बिघडलेला जिनाच आवडायचा. क्यूची किंमत एक केली की जुना जिना परत मिळायला हवा.

मी तो एक थेट सूत्रातल्या अपूर्णांकात ठेवला. वर शून्य, खाली शून्य! पंधरा दिवस वाटत होतं, सगळी मेहनत पाण्यात गेली. विचारायला गावात कोणी नव्हतं. गोंदियाच्या सायबर कॅफेतून छापून आणलेली शोधनिबंधांची पानं एस.टी.त मांडीवर घेऊन पुन्हा मांडणी केली, तेव्हा दिसलं की आधी भागाकार पुरा करायचा, एक नंतर ठेवायचा. स्वतःचाच भयंकर राग आला.

विषय मंजूर करणाऱ्या समितीत एका सरांनी फळ्यावर नेमकं तेच केलं, क्यूच्या जागी थेट एक ठेवला. "बघा, तुमचं सूत्र इथंच मेलं. तिकडच्या मुलांनी पाण्यावरच काम करावं." बाकीचे हसले. माझं डोकं फिरलं. मी खडू मागून घेतला.

"सर, ही चूक माझी करून झाली आहे," म्हटलं आणि भागाकार मांडला. एक, अधिक क्यू, अधिक क्यूचा वर्ग; प्रत्येक पद म्हणजे एकेका पायरीची उंची. आता क्यूच्या जागी एक ठेवला. पायऱ्या सारख्या झाल्या. मी खडू परत दिला.

अध्यक्षांनी अर्जातला शेवटचा रकाना दाखवला: समाजाला उपयोग. "लिहा काहीतरी, शेतीबिती." मी लिहिलं, "अजून माहीत नाही."

"हे खोडा, मग सही करतो."

मी पेनाला टोपण लावलं आणि समोरच्या खुर्चीत बसून राहिले. माझी परतीची गाडी सुटली. त्यानंतर कधीतरी त्यांनी रकाना तसाच ठेवून सही केली.