लाजऱ्या लेकराचं ताट

या सदरातले अनुभव मी नेहमी शेवटून वाचतो. कोण आधीच मेलेलं होतं ते कळलं की चहा निवांत पिता येतो. भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आणि सत्यनारायणाला मी प्रसादापुरता जातो. तरीही हे लिहितोय, कारण बायको म्हणाली, "पाहुण्यांना दरवेळी अर्धवट सांगता, एकदा पूर्ण लिहूनच टाका."

पंचाण्णव-शहाण्णवची गोष्ट. मी जालन्यात कॉलेजात शिकवत होतो. आई गेली आणि वडिलांना — अण्णांना — आम्ही गावाहून जालन्याला आणलं. त्यांनी तक्रार काहीच केली नाही. फक्त जेवण सोडलं. ताटावर बसायचे, चतकोर भाकरी मोडायचे. बायकोनं "अजून वाढू?" विचारलं की "नको." आम्ही शिकलेली माणसं... नको म्हणजे नको. काही महिन्यांत सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबायला लागला. डॉक्टरांच्या पाटीवर पदव्यांमुळे नावाला जागा उरली नव्हती. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या, आजार काहीच नाही म्हणाले, आणि मला बाजूला घेऊन, "खाल्लं नाही तर मात्र फार दिवस निघणार नाहीत," असंही सांगितलं.

अण्णा म्हणाले, "मला एकदा गाव दाखवून आण." त्यातला 'एकदा' मला आवडला नाही.

गाव तीर्थपुरीच्या पुढं. पण आमची जीप तीर्थपुरीतच अडली. कुण्या साहेबांचा सत्कार होता आणि स्टेज थेट रस्त्यावर घातलं होतं. कमानींवर साहेबांचे इतके फोटो होते की ते स्वतः नाही आले तरी चाललं असतं.

"सर, निवांत जेवून घ्या," ड्रायव्हर म्हणाला. "अजून साहेबच आले न्हाईत. मंग हार, मंग भाषणं. मी बी जरा आडवा होऊन राह्यलो."

मोठ्या रस्त्यावरची हॉटेलं कार्यकर्त्यांनी भरलेली. मागच्या गल्लीत एका बाईंची खाणावळ सापडली. घराचीच पुढची खोली, शेणानं सारवलेली, भिंतीशी पाट मांडलेले. अशा ठिकाणी सकाळी सांगून ठेवावं लागतं. माणसं मोजूनच स्वयंपाक होतो. मी जरा भीतभीतच विचारलं, "दोघांचं होईल का?"

"तुमचंच तर झाकून ठेवलंय," बाई म्हणाल्या. "किती उशीर, दादा! अन् लेकरू कुठंय?"

"कुठलं लेकरू?"

"सकाळी एक आजी सांगून गेल्या न. माझं लेकरू येऊन राह्यलं, संगं एक माणूस हाय. लेकरू लाजरं हाय, मागणार न्हाई. त्याचं पहिलं 'नको' धरू नको, म्हणल्या."

"तो निरोप आमचा नव्हे, बाई. इथं थांबायचंय हे आम्हालाच आत्ता कळलंय."

त्यांनी दारातून गल्लीत दोन्हीकडं पाहिलं. "मंग असू द्या. त्या लेकराची तरी किती वाट पाहू? बसा, बाबा."

अण्णा बसले. बाईंनी तव्यावरून भाकरी उतरवली, तिचा वरचा पापुद्रा अलगद सोलला, त्यावर कच्चं तेल आणि मीठ चोळलं, घडी केली आणि अण्णांच्या हातात दिली. "हे लेकराला आधी द्यायला सांगितल्तं. आता तुम्हीच व्हा लेकरू."

अण्णांनी ती घडी हातात धरून बराच वेळ पाहिली. मग खाल्ली.

"अजून?"

"नको."

"बरं," म्हणून बाई भाकरी घेऊन तिथंच उभ्या.

"बस झालं, बाई."

"अर्धी घ्या. मला काय घाई न्हाई."

"...टाक."

वांग्याच्या भाजीला हेच नाटक, शेंगदाण्याच्या चटणीला हेच, ताकालाही हेच. बाहेर लाउडस्पीकरवर कुणीतरी साहेबांना विकासाचा महासागर म्हणत होतं; गोदावरी जवळ असूनही महासागर. आत माझा हात ताटात वाळत होता, कारण मी अण्णांकडंच बघत होतो. जेवण झाल्यावर त्यांनी मोठी ढेकर दिली आणि विचारलं, "माहेर कुठलं बाई तुमचं?" कित्येक महिन्यांत त्यांनी स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न.

गाव पाहून घरी आल्यावर बायकोला सांगितलं. त्या दिवसापासून तिनंही अण्णांचं पहिलं 'नको' धरणं सोडलं. हळूहळू सदरा पुन्हा भरत गेला.

बाकी घोळ मला सरळ वाटत होता. दुसऱ्या कुणाचं जेवण आम्ही जेवलो, ते लेकरू सत्काराच्या गर्दीत अडकलं असणार. बायको मात्र पापुद्र्यावर अडून बसली. आईसुद्धा अण्णांना पहिला पापुद्रा तेल-मीठ लावूनच द्यायची... शेवटी दिवाळीच्या सुट्टीत आईचा फोटो घेऊन मी खाणावळीत गेलो.

बाईंनी फोटो उजेडात धरला. "न्हाई. ह्या बिलकुल न्हाईत."

परीक्षेत पास झाल्यासारखा आनंद झाला मला.

"त्या ठेंगण्या होत्या," बाई म्हणाल्या. "डावं मनगट वाकडं. पापुद्रा कसा काढायचा ते त्याच हातानं करून दाखवलं मला."

"आणि मग ते लेकरू आलं का, आम्ही गेल्यावर?"

"कोणीच न्हाई आलं, दादा."

रात्री जेवताना मी हे अण्णांना विजयी सुरात सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"डावं मनगट?"

"हो. का?"

"विहिरीवर पडल्ती. बसलं न्हाई मंग ते बराबर."

"कोण?"

"माझी आई. तुझ्या आईला पापुद्र्याचं तिनंच शिकवल्तं."

आजी माझ्या जन्माआधी गेलेली. तिचा फोटो नाही, आणि मनगटाचं मी त्याआधी कधी ऐकलेलं नव्हतं. वाकडी मनगटं जगात पुष्कळ असतात, लाजरी लेकरंही असतात, हे मी स्वतःला अजून समजावतो. अण्णा पुढं बरीच वर्षं जगले, आणि मला अजूनही याची संगती नीट लावता आलेली नाही.

 त्या रात्री मग बायकोनं नेहमीसारखं विचारलं, "अण्णा, भाकरी वाढू?"

"नको," अण्णा म्हणाले. ती भाकरी घेऊन उभीच राहिली. त्यांनी एकदा दाराकडं पाहिलं आणि ताट पुढं सरकवलं.

"वाढ, पोरी. उगं तिला परत चालत यायला लावू नका."