काळ्या उताराची तयारी

न पाहिलेल्या बर्फावर इतकी श्रद्धा असलेला माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा नसेल. माझ्या वडिलांच्या या मित्राचं सुताच्या रंगांचं दुकान होतं, आणि गावातल्या कितीतरी चादरी त्यांच्याच रंगात बुडून निघत. कपाळावर भस्माचे पट्टे, आणि बोलणं असं की गंमत करतानाही कुणाची तरी वाईट बातमी सांगताहेत असं वाटावं. एकदा रंगांच्या कुठल्याशा परदेशी कंपनीचा माणूस त्यांच्या दुकानात आल्प्समधल्या एका गावाचं माहितीपत्रक विसरून गेला. बाहेर वैशाखातलं ऊन होतं. काकांनी त्यातली चित्रं पाहिली आणि तिथे जाऊन बर्फावरून घसरायचं ठरवलं.

माहितीपत्रक इंग्रजीत होतं आणि आमच्या आळीत इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटीच, म्हणून दर रविवारी मला बोलावणं येई. मी चारचौघांत फारसं बोलत नसे. काकांना ते सोयीचं होतं. मी वाचायचे, ते डोळे मिटून ऐकायचे. त्या गावात उतारांना रंग दिलेले होते : निळा नवशिक्यांसाठी, तांबडा त्याहून अवघड, आणि काळा फक्त तरबेज लोकांसाठी. रंग म्हटल्यावर काकांनी डोळे उघडले.

"निळा बेडा, नकोच त्यो. दोन धुण्यांत जातोय त्यो. तांबडा तर लगेच पाणी सोडतोय. काळाच घ्यायचा, मास्तरीणबाई. काळा पक्का."

"काका, त्यावर पडलं तर पाय मोडतो म्हणे."

"म्हणू दे की. तिकडच्या लोकांना पक्क्या रंगाची सवय न्हाय."

पायाला बांधायच्या लाकडी पट्ट्या त्यांनी धोटे बनवणाऱ्या सुताराकडून करवून घेतल्या. मागावर इकडून तिकडे धावणारा धोटा दोन्हीकडून टोकदार असतो. सुताराने पट्ट्याही तशाच केल्या. मी भीत भीत चित्रातल्या पट्ट्यांच्या बोथट मागल्या टोकाकडे बोट दाखवलं, तर काका म्हणाले, "पुढं गेलेलं मागं यायला नको व्हय?" चादरीचा कोट शिवला, त्याच्या पाठीवर दोन मोर आले. मग गोदामात पिंपं उतरवायच्या फळीवर सराव सुरू झाला. पहिल्याच दिवशी ते फळीवरून थेट निळीच्या पोत्यात गेले. काकूंनी त्यांना दारातच अडवलं.

"काळा काळा म्हणत होता, निळ्यातच पडला की! आता तुमाला वाळत घालू का पिळून काढू?"

"रंग चांगला बसलाय," काका भुवईवरची नीळ बोटाने पुसून पाहत म्हणाले.

काकूंना हे वेड मुळीच पसंत नव्हतं. बर्फ हा शब्दसुद्धा त्या घरात काढू देत नसत. मी वाचायला लागले की भांडी जोरात आपटत.

पुढे एका दुपारी दुकानातच काकांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी पोटमाळ्याचा जिनासुद्धा बंद केला. आल्प्सचा विषय तिथेच संपला. त्या रविवारी मी गेले नाही. कुठल्या तोंडाने वाचायचं, कळेना. तर काकू स्वतःच आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"वाचायला चल गं. डॉक्टर चढू नका म्हणाले. ऐकू नका म्हणाले न्हाईत."

काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी उताराच्या पायथ्याशी गरम सूप मिळतं तिथून सुरुवात केली; त्यापेक्षा निर्धोक काही सापडेना. ते हलले नाहीत. काकू मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मध्येच मला विचारलं, "ह्यांनी काळ्यावरनं उतरायचं, तवर मी कुटं थांबायचं? लिवलंय का त्यात?"

लिहिलेलं नव्हतं. मी उगाच पानं चाळली.

काकांनी हळूहळू कूस बदलली. "त्यात काय लिवायचं? तू खाली थांब. मी वरनं येतो."

"तेवढ्या पांढऱ्यात तुमाला वळखू कशी मी?"

काकांनी उशी सरकवून डोकं जरा वर घेतलं.

"सगळ्यात हळू येत असंल," ते म्हणाले, "त्यो मी."

काकूंनी "बरं" म्हटलं आणि निवडलेल्याच काड्या पुन्हा निवडायला घेतल्या. पुढचं पान उलटायचं माझ्या हातून कितीतरी वेळ झालं नाही, आणि कुणी घाईही केली नाही.