लिममधला परका आय

मी चौथीपर्यंत शिकलो. पण अक्षर उलटं असलं तरी मला कळतं, सुलटं वाचणाऱ्यांपेक्षा लवकर. उमेदीची सगळी वर्षं दापोडीच्या एका छापखान्यात शिशाचे अक्षरांचे खिळे जुळवले. तिथं ओळ उलटी धरूनच वाचायची. अजूनही कागद हातात आला की मी आधी त्याचं डोकं खाली करतो.

परवा मोशीच्या घरी गॅलरीत उन्हात बसलो होतो. डोळा लागत होता. आत सूनबाई कॉम्प्युटरवर स्पॅनिश गणिताचं पान जुळवत होती. नमुन्याचं पान, बाराच्या आत पाठवायचं. पसंत पडलं तर अख्खं पुस्तक घरी बसून करायचं. नाहीतर बाळंतपणाची रजा संपली की चाकणच्या कंपनीची बस, अन् अंगावर पिणारं लेकरू मागं.

"आबा, बघा बरं."

मी आत जाऊन छापलेलं पान उलटं धरलं. सगळी अक्षरं बिनपायाची, म्हणजे टोकांना आडव्या रेघा नसलेली, ताठ. अर्धवट झोपेत मला ती नदीकाठानं अनवाणी चालल्यासारखी दिसली. त्यांच्यात एक जण जोडे घालून, कलून चाललेला. तो लिममधला होता; एल-आय-एम, सूनबाई म्हणते गणितातली लिमिटची खूण.

"ह्या लिममधला आय आपल्यातला न्हाई."

"स्पॅनिशमध्ये त्या आयवर टिंब नसतं, तिरकी रेघ असते, आबा. ती दिलीय मी."

"रेघ बरोबर हाय. आय परका हाय."

"कागद सरळ तरी धरा!"

पण तिनं पडद्यावर अक्षर मोठं केलं, तर आय खरंच तिरका निघाला. टिंबावर रेघ बसत नव्हती म्हणून तिनं बिनटिंबाचा आय मागवला होता. यंत्रानं तो गणिताच्या तिरक्या अक्षरांतून आणून दिला.

"मग टिंब कानशीनं घास. आमी तसंच करायचो."

"आणू का कानस स्वयंपाकघरातनं?"

मला राग आला. गॅलरीत येऊन डोळे मिटले. तर छापखानाच समोर. खिडकीतलं ऊन शिशावर पडलंय, बोटं आपोआप अक्षरांच्या खणांत फिरतायत. अन् माझा घासलेला खिळा छापता छापता मोडून पडतोय. घासलेला खिळा टिकत नाही, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

उठून आत गेलो.

"घासू नको. माझा मोडला होता. रेघेसकट ओतलेला अख्खा आय त्याच बिनपायाच्या खणातनं उचल."

ती पुन्हा कीबोर्डकडं वळली. मग लिम हा शब्द तिनं गणिताच्या अक्षरांत न लिहिता साध्या मजकुरासारखा लिहिला. आय रेघेसकट आला, ताठ, अनवाणी. मी पान उलटं धरून पाहिलं.

"आता पान जाऊ दे."

बाराला पाच मिनिटं कमी होती.

आज सकाळी कोपऱ्यावर कंपनीची बस हॉर्न वाजवून गेली. सूनबाई लेकराला पाजत होती, तिनं मान वर केली नाही. पुस्तकाचं दुसरं पान माझ्या मांडीवर आहे, डोकं खाली. ऊन चढतंय, अन् अक्षरं नदीकडं निघालीत.