हा वाटा कोणाचा?

“चप्पल काढा ताई, आणि हे जाळं खांद्यावर घ्या. फोटो नॅचरल आला पाहिजे,” संस्थेचे सर म्हणाले.

भंडाऱ्यातलं मोठं सभागृह. मंचावर सगळे बुटात. मी एकटी अनवाणी. जाळं बाजारातून विकत आणलेलं, कोरं. दुकानाची चिठ्ठीसुद्धा तशीच लटकत होती. आम्ही ढिवर. आमच्याकडे जाळं गडीमाणसं टाकतात, बाया टोपली घेऊन मासळी विकतात. पण विचारलं कोणी? मी ठेवणीतली साडी नेसून गेले होते. गावाच्या तलावाचा आम्ही बायांनी जो अभ्यास केला, त्याबद्दल मी बोलणार असं ठरलं होतं. भांडी घासताना सगळं पाठ केलं होतं.

अभ्यासाला पैसे देणारे पाहुणे दिल्लीहून आले होते. सर त्यांना म्हणाले, “इन लोगों को सवाल पूछना नहीं आता था. हमने सिखाया.”

मी बाजूलाच उभी. जशी काही बहिरी. अहो, नाकाडोंगरीच्या बाजारात मासळी विकणारीला हिंदी कळत नाही होय? मध्य प्रदेश आमच्या उशाला आहे. टाळ्या पडल्या. माझे हात जाळ्यात गुंतलेले होते. बोलायची माझी पाळी आलीच नाही. वेळ संपला म्हणाले.

प्रश्न विचारायला शिकवलं म्हणे! तो प्रश्न माझ्या मायचा होता.

सरांची संस्था पहिल्यांदा गावात आली तेव्हा समाजमंदिरात बैठक झाली. गावातल्या लोकांनीच अभ्यास करायचा, असं त्यांनी समजावून सांगितलं. विषय मात्र सोबतच आणले होते. माय दाराशी बसली होती. तिनं मध्येच तोंड उघडलं.

“थे राहू द्या जी. आमच्या तलावातला मासा कोठी गेला, थे काहून कोनी नाही पुसत?”

सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी तो प्रश्न उचलला, अभ्यासाला तेच नाव दिलं. तेव्हा मला त्यांचं फार कौतुक वाटलं होतं. माय सुजलेल्या पायांनी आमच्यासोबत तलावाची पाळ फिरली. इथं पाखरं बसायची, इथं कमळ होतं, इथं मासा अंडी घालायचा, सांगत राहायची. भंडाऱ्याच्या त्या सभेच्या आधीच ती गेली.

आमच्याकडे वाट्याची एक रीत आहे. जाळं निघालं की पाळीवर मासळीचे सारखे वाटे लावायचे. एक जण वाट्यांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एका वाट्यावर हात ठेवून विचारतो, “हा कोनाचा?” पाठमोरा माणूस नाव घेतो. ज्यानं वाटे लावले, तो नाव घेत नाही. त्यामुळे आमच्यात गरिबी आहे, पण वाट्यावरून भांडण नाही. म्हाताऱ्यांचा, आजाऱ्यांचाही वाटा असतो. माय गेल्यावर पहिल्यांदा जाळं निघालं, तेव्हा पाठमोऱ्या काकाच्या तोंडून सवयीनं तिचंच नाव निघालं. तो वाटा माझ्या टोपलीत टाकला. मी पाळीवरच बसून रडले.

भंडाऱ्याच्या सभेनंतर काही दिवसांनी सर ग्रामसभेत आले. पुढच्या अभ्यासाला पैसे मिळणार होते, त्यासाठी गावाचा ठराव पाहिजे होता. विषय वाचून दाखवले. कोणत्या बाया काम करतील, तेही वाचलं. मासा कुठेच नव्हता. कसा असेल? आमच्या अभ्यासात निघालेलं त्या प्रश्नाचं उत्तर तलावाचा ठेका घेतलेल्या बड्या माणसाच्या दारात जात होतं. बाहेरच्या माशांचं बीज टाकून त्यानंच आमचा गावठी मासा संपवला होता. आणि तो माणूस त्या दिवशी सरांच्या शेजारीच खुर्चीवर बसला होता.

हात वर करा म्हणाले. बायांचे हात वर जाऊ लागले. मला मंचावरचं ते कोरं जाळं आठवलं. मी उभी राहिले.

“सर, आमच्या इथं जो वाटे लावते, थो नाव नाही घेत. तुमी वाटे बी लावता, नावं बी तुमीच घेता. माह्या मायचा प्रश्न काहून काढला?”

“ताई, पैसे देणाऱ्यांचेही काही नियम असतात.”

“मंग त्याहीले आमचा नियम सांगा. पैसे त्याहीचे, प्रश्न आमचे. पाठ फिरवून देता येत असन तं द्या.”

“अशानं आम्हाला दुसरं गाव बघावं लागेल.”

“पाहा.”

एकही टाळी पडली नाही. सरपंच मोबाईलमध्ये बघत राहिले. सरांनीच कागद गुंडाळले, ठराव झाला नाही. सरांची गाडी गेली, ती परत आली नाही.

अभ्यासाच्या दिवसांची मजुरी मिळायची, तीही गेली. मायचा हात धरून पाळ फिरलेली शांता मला रस्त्यात म्हणाली, “तुह्या तोंडानं आमची मजुरी गेली व बाई.” ती खोटं बोलत नव्हती. तिच्या घरात दोन पोरी शिकताहेत. खाली मान घालून घरी आले. आजही ती माझ्याशी बोलत नाही. त्याचं फार दुखतं.

पण मायचा प्रश्न मी कोणाच्या हाती देणार नाही. कोणी सोबत येवो न येवो, दर ग्रामसभेला मी जाणार. पायात चप्पल घालून जाणार. त्या ठेकेदाराच्या समोर बसणार आणि विचारणार, आमच्या तलावातला मासा कोठी गेला? त्याच्या तोंडून उत्तर मिळेपर्यंत उठणार नाही.