बंद मशीनवर ठेवलेला हात

आधीच सांगते, मी कॉम्प्युटर लाइनमधली बाई आहे. आमच्याकडे एखादी गोष्ट चालते किंवा चालत नाही, आणि चालत नसेल तर त्याचं कारण कुठेतरी लॉगमध्ये लिहिलेलं असतं. तासभर शोधा, दोन दिवस शोधा, सापडतंच. त्यामुळे या सदरातले अनुभव मी वर्षानुवर्षं वाचत आले ते करमणूक म्हणून. लिहिणाऱ्याला झोप कमी झाली असेल, असं मनात म्हणायची. आज स्वतः लिहायला बसलेय तर कोणी मलाही तेच म्हणेल... म्हणू दे. मी जे पाहिलं ते सांगते. दिवसाढवळ्या सकाळी दहा-साडेदहाला घडलेली गोष्ट आहे, आणि मी एकटी नव्हते.

साल २००२. नाशिकला अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात मी ईडीपी, म्हणजे कॉम्प्युटर डिपार्टमेंटला होते. गाड्यांना लागणारे पत्र्याचे पार्ट बनायचे तिथे. आम्ही दोघंच – आमचे साहेब खैरनार आणि मी. खैरनार साहेब मूळचे सटाण्याचे, कमी बोलणारे, चिडले की अजून कमी बोलणारे.

कारखान्यात दोन सर्व्हर होते, ‘विंडोज एनटी’ या सिस्टीमवर चालणारे. एक मुख्य, एक दुय्यम. त्यांचं काम एकच – कोण माणूस कोण आहे हे ओळखणं. अडीचशेच्या वर माणसं होती आमच्या यादीत. प्रत्येकाचं नाव, पासवर्ड, कोणाला ड्रॉइंग उघडायची परवानगी आहे, कोणाला स्टोअरचा साठा दिसायला पाहिजे, सगळं त्या यादीत. ती यादी गेली की कोणीच आत जाऊ शकत नाही. फाइल्स असतात जागच्या जागी, पण दार उघडत नाही. आणि पहिल्यापासून यादी बांधायची म्हटलं तर महिना गेला असता.

एनटी जुनं झालं होतं, ‘विंडोज दोन हजार’वर जायचं ठरलं. वरचे लोक म्हणत होते, पुण्याहून एखादी पार्टी बोलवा. मी खैरनार साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, “साहेब, मी करते.”

“झेपेल?”

“झेपेल.”

“लेखी दे.”

दिलं लेखी. तीन महिने बसून प्लॅन केला. कुठली केबल कधी काढायची इथपर्यंत. त्या प्लॅनचा सगळा भार एका गोष्टीवर होता. दुय्यम सर्व्हरवर पूर्ण यादी उतरवून घ्यायची, तो बंद करायचा, वायरी काढायच्या आणि बाजूला ठेवून द्यायचा. मग मुख्य सर्व्हरवर नवीन सिस्टीम चढवायची. चढली तर उत्तम. बिघडलं तर बाजूला ठेवलेला पुढे आणायचा, अर्ध्या तासात कारखाना होता तसा. तोच आमचा विमा.

अंबडला आठवडी सुट्टी शनिवारची. म्हणून काम शनिवारी धरलं. शुक्रवारी संध्याकाळी सहाला दोन्ही मशीनवरच्या यादीचा आकडा जुळवला. एकही माणूस कमी-जास्त नाही. दुय्यम सर्व्हर नीट शटडाउन केला, प्लग काढला, नेटवर्कची वायर काढली आणि दोघांनी उचलून सर्व्हर रूमच्या टेबलावर ठेवला. रूमला कुलूप. किल्ली खैरनार साहेबांच्या खिशात.

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. माझं सासर मखमलाबादचं, माळव्याची म्हणजे भाजीपाल्याची शेती. आत्याबाई मेथी, कोथिंबीर, पालक घेऊन रोज पहाटे मार्केटला जायच्या. वय तेव्हा साठीच्या पुढे. मी नाशिक शहरात वाढलेली, कॉलेजरोडला कॉम्प्युटरचा क्लास केलेली, मेथीची जुडी बांधता न येणारी सून. त्या मला कधी वाईट बोलल्या नाहीत, पण माझ्या नोकरीचं त्यांना कौतुक होतं असंही नाही. “दिवसभर काचंकडं बघत बसती” – शेजारणीला माझं काम त्यांनी असं समजावून सांगितलेलं मी ऐकलंय. मीही घरी ऑफिसातलं काही बोलायची नाही. कोणाला कळणार होतं? त्या शनिवारी काय आहे हे मी माझ्या मिस्टरांनासुद्धा “जादा काम आहे” एवढंच सांगितलं होतं.

शनिवारी सकाळी नऊला आम्ही कामाला लागलो. फाइल्सचा टेप बॅकअप बघितला (ती यादी त्यात येत नव्हती), मुख्य सर्व्हरवरच्या नको त्या गोष्टी बंद केल्या. सव्वादहाला गेटवरून फोन – तुमचे मिस्टर डबा घेऊन आलेत, बरोबर म्हातारी बाई आहेत. आत्याबाईंना डोळ्याच्या डॉक्टरांकडे सिडकोत अकराची वेळ होती, म्हणून ते दोघं स्कूटरवर निघाले होते आणि जाता जाता माझा डबा. गेटपाशीच स्कूटर पंक्चर. मिस्टर म्हणाले, “पंक्चर काढून येतो, तोवर आईला आत बसव, बाहेर ऊन आहे.”

खैरनार साहेबांना विचारलं. ते म्हणाले, “बसू दे की.”

आत्याबाई चपला काढून आत आल्या. सर्व्हर रूममध्ये एसी जोरात. त्यांनी पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला.

“एवढा गारवा कशापायी गं? भाजी ठेवता का इथं?”

खैरनार साहेब चक्क हसले. मी म्हटलं, “मशीन तापतात, आत्याबाई. बसा या खुर्चीवर.”

त्या बसताना आधाराला म्हणून त्यांनी टेबलावर हात टेकला. टेबलावर बंद सर्व्हर होता, त्याच्यावरच पडला हात. मी माझ्या कामात. मुख्य सर्व्हरच्या ड्राइव्हमध्ये नवीन सिस्टीमची सीडी घातली होती, फक्त सुरू करायचं बाकी होतं. माऊसवर बोट ठेवलेलं मला आठवतं.

“हे खराब झालंय.”

मी वळून बघितलं. आत्याबाई बसल्याच नव्हत्या. उभ्याच होत्या, पंजा मशीनवर पसरलेला.

“बंद आहे ते आत्याबाई. वायरपण लावलेली नाही.”

“ते दिसतंय मला. आतून गेलंय म्हनते मी.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तू याच्याच भरवशावर हायेस ना? नको राहू.”

मला राग आला, खोटं कशाला बोलू. तीन महिन्यांची मेहनत, साहेब समोर, आणि ही बाई... मी म्हटलं, “तुम्ही बसा, मला काम करू दे.” पण बोट काही माऊसवर दाबलं जाईना.

खैरनार साहेब उठले. त्यांनी त्या मशीनवर हात ठेवला, वरून, बाजूने, मागून. “थंडगार आहे,” म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. “यांना कोणी सांगितलं हे बॅकअपचं मशीन आहे?”

“मी नाही सांगितलं, साहेब.”

साहेबच म्हणाले, “लाव प्लग. पाच मिनिटांत कळेल.”

नेटवर्कची वायर न जोडता नुसता प्लग लावला, बटण दाबलं. पंखा फिरला. पडद्यावर मेमरी मोजून झाली... आणि आतून आवाज सुरू झाला – टक्, टक्, टक्. नखाने पत्र्यावर मारावं तसा. मग पडद्यावर एक ओळ: डिस्क सापडत नाही. बंद केलं, परत लावलं. तेच. साहेबांनी झाकण खोलून आतल्या वायरी घट्ट केल्या. तेच. आदल्या दिवशी सहाला जे मशीन धडधाकट होतं, ज्याच्यावर मी आकडा जुळवला होता, ते मेलेलं होतं.

मिस्टर आले आणि आत्याबाईंना घेऊन गेले. जाताना त्या म्हणाल्या, “डबा गार व्हायच्या आत जेव.” बाकी काही नाही.

आम्ही दोघं त्या मशीनकडे बघत उभे. खैरनार साहेबांनी विचारलं, “पुढच्या शनिवारी करायचं का?”

मी म्हटलं, “नाही साहेब. दुसरा विमा तयार करू.”

परचेस डिपार्टमेंटमधल्या एका टेबलावरचा पीसी उचलून आणला, त्यातल्यात्यात नवा होता तो. त्याच्यावर एनटी चढवलं, त्याला दुय्यम सर्व्हर केलं, मुख्यकडून सगळी यादी उतरवून घेतली. आकडा जुळवला. आणि या वेळी बंद करून, पुन्हा चालू करून, आत जाऊन यादी उघडून बघितली. मगच वायरी काढल्या. दीड वाजून गेला होता. डबा गारच खाल्ला.

दोनला मुख्य सर्व्हरवर काम सुरू केलं. पावणेचारपर्यंत सगळं सुरळीत. मशीन रिस्टार्ट झालं आणि निळा पडदा – सिस्टीम कोसळल्याची खूण. पांढरी अक्षरं. पुन्हा रिस्टार्ट, पुन्हा निळा. जुन्या डिस्क कंट्रोलर कार्डाशी नव्या सिस्टीमचं जमेना, हे नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं, की मुख्य सर्व्हर ना जुना राहिला ना नवा झाला. त्याच्यावरची यादी गेली.

सकाळी मी माऊसचं बटण दाबलं असतं तर त्या वेळी माझ्यासमोर दोन मेलेली मशीन्स असती. लेखी दिलेला कागद वेगळाच. खैरनार साहेबांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. ते फक्त म्हणाले, “पीसी आण.”

परचेसचा पीसी जोडला, त्यालाच मुख्य केलं. पाचच्या आत झालं. मग साहेब प्रेस शॉप, टूल रूम, स्टोअर, डिस्पॅच असे फिरत गेले, प्रत्येक ठिकाणच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करून इंटरकॉमवर मला सांगायचे, “हा झाला. हाही झाला.” मी समोरच्या कागदावर टिक करत होते. शेवटचा डिस्पॅचचा. “झाला,” म्हणाले. मग फोन ठेवता ठेवता म्हणाले, “शाब्बास.” माझ्या चार वर्षांच्या नोकरीतला त्यांचा हा पहिला शाब्बास.

रविवारी सातला पहिली पाळी आली. माणसं आली, पासवर्ड टाकले, कामाला लागली. अख्खा कारखाना आठवडाभर परचेसच्या एका पीसीवर चालला आणि कोणाला पत्ता नाही! त्याच्यावर मी कागद चिकटवला होता – ‘हात लावू नये’. पुढच्या शनिवारी नवीन कार्ड आणलं, सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं, आणि संध्याकाळी पाचला कारखाना नव्या सिस्टीमवर होता. पुण्याची पार्टी लागली नाही. त्या कामाचा मला आजही अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

आता उरलेलं.

डिस्क रात्रीतून जाऊ शकते. जुनी डिस्क थांबली की कधीकधी परत फिरत नाही, हे आमच्या लाइनमध्ये सगळ्यांना माहीत आहे. तेवढ्याचं मला नवल नाही. पण मशीन बंद होतं. वायर नव्हती. आवाज नाही, कंप नाही, ऊब नाही. साहेबांनी स्वतः हात लावून बघितलं होतं.

मी आत्याबाईंना त्याच संध्याकाळी विचारलं. त्या ओसरीवर जुड्या बांधत होत्या.

“तुम्हाला कसं कळलं?”

“आता काय सांगू... मेथीचा ढीग रातभर राहिला का मधल्या जुडीला ऊब सुटती. वरून हिरवीगार दिसती, पन हात घातला का कळतं, ही उद्या काळी पडनार. तसं लागलं हाताला.”

“पण ते थंड होतं, आत्याबाई. साहेबांनीही बघितलं.”

“असंल. माझ्या हाताला ऊब लागली.”

“आणि मी त्याच्या भरवशावर आहे, हे?”

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. “असं कुठं म्हनले मी?”

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच आठवत नव्हतं. पण ते वाक्य मी ऐकलंय, खैरनार साहेबांनी ऐकलंय.

पुढे महिनाभराने मी गुपचूप परीक्षा घेतली. ऑफिसात पडून असलेल्या सहा जुन्या डिस्क घरी आणल्या, चार चांगल्या, दोन गेलेल्या. आत्याबाईंसमोर मांडल्या. त्यांनी एकेकीवर हात ठेवला, उलटसुलट करून पाहिल्या आणि हसायला लागल्या. “मला काय कळतंय त्यातलं बाई? समद्या सारख्याच.” नंतर पुन्हा कधी असं काही झालं नाही. एकदाच झालं, मला गरज होती तेव्हा.

त्या कामाचा रिपोर्ट वर पाठवायचा होता. त्यात शेवटी दोन रकाने असायचे – ‘काम केले’ आणि ‘तपासणी केली’. पहिल्यात मी माझं नाव लिहिलं. दुसऱ्यात साहेबांचं असायला हवं होतं. मी थांबले, आणि आत्याबाईंचं नाव लिहिलं: श्रीमती यमुनाबाई, मखमलाबाद. लिहून कागद साहेबांसमोर ठेवला. वाटलं, आता ओरडतील, नवीन प्रिंट काढ म्हणतील.

त्यांनी वाचलं. पेनाचं टोपण काढलं, खाली सही केली आणि कागद आउट ट्रेमध्ये टाकला.

वरून कोणीही विचारलं नाही, या कोण म्हणून.